आट्यांत लपलेला देश

सायकलच्या हँडलचा उभा बोल्ट सैल करावा, त्यावर हातोडीचा हलका ठोका द्यावा आणि हँडल वर ओढून बाहेर काढावे. आतापर्यंत चिमट्याच्या नळीत दडलेला एक गोल दांडा दिसू लागतो. त्यावर व्हर्नियर कॅलिपर लावा. माप २२.२ मिलिमीटर भरले तर सायकलचे घराणे बहुधा इंग्रजी. २२.० भरले तर फ्रेंच. फरक जेमतेम ०.२ मिलिमीटरचा, म्हणजे वहीची दोन पाने एकावर एक ठेवली तर जेवढी जाडी होईल तेवढा. रंग उडालेला असो, नाव खरवडलेले असो, वर भलत्याच कंपनीचे स्टिकर चिकटवलेले असो, हे माप बदलत नाही.

बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅमचे कारागीर इंचात मोजत. हँडलचा दांडा सात सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), मधली उभी नळी नऊ सूत, वरची दांडी बरोबर एक इंच. खाडीपलीकडचे फ्रेंच कारागीर मिलिमीटरमध्ये मोजत: बावीस, अठ्ठावीस, सव्वीस. दोघांना बनवायची होती एकच वस्तू, आणि ती वापरणाऱ्याला फरक जाणवतही नव्हता. पण शंभर वर्षांनी सांगलीतल्या किंवा साताऱ्यातल्या एखाद्या माळ्यावरून सायकल खाली उतरते, तेव्हा ती कोण, कुठली, हे सांगायला हाच फरक उपयोगी पडतो.

आपल्याकडच्या जुन्या सायकली बहुतेक इंग्रजी वळणाच्या. काळी, उंच, दांड्यांच्या ब्रेकची, अठ्ठावीस बाय दीडच्या चाकांची. कॅरिअरला दुधाचे कॅन, दांडीवर पोर, हँडलला पिशव्या. रॅले, हर्क्युलिस, बीएसए, हंबर, रज, फिलिप्स ही नावे मिरज-सांगलीच्या जुन्या माणसांच्या तोंडी आजही आहेत. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला, मद्रासजवळ, सोनीपतला आणि लुधियानात कारखाने निघाले. त्यांनी घेतले तेही इंग्रजी मापच. म्हणून देशाने मीटर-किलो स्वीकारून कित्येक दशके झाली, तरी आपल्या काळ्या सायकलीच्या पोटात इंच अजून नांदतो आहे.

सांगली-साताऱ्याच्या या भागाचे सायकलशी नाते मात्र नुसते वापराचे नाही, आणि इथे थोडे थांबायला हवे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला चित्रकला शिकायला गेले होते. रंग ओळखण्यात दोष असल्याचे लक्षात आल्यावर ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. मुंबईत त्यांनी सायकल पाहिली आणि तिने त्यांना झपाटले. १८८८ साली बेळगावात भाऊ रामुअण्णांबरोबर त्यांनी जे दुकान काढले, ते सायकलीचे. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत, रामुअण्णा त्या विकत आणि फी घेऊन चालवायलाही शिकवत. त्याच वर्षी तिकडे बेलफास्टमध्ये डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले होते, हे ध्यानात घेतले की बेळगावचे ते दुकान काळाच्या किती बरोबरीने चालले होते ते कळते. त्या दुकानामागून कडबा कापायचे यंत्र आले, मग लोखंडी नांगर. १९१० साली औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचे माळरान दिले आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी सांगलीत.

बंदुका बनवणाऱ्यांनी सायकली बनवाव्यात, असे युरोपात एकाहून अधिक ठिकाणी घडले. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. तिच्या चिन्हात एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली असत. फ्रान्सात सेंत-एतिएन हे बंदुकांचे गाव, तिथल्या शस्त्रांच्या कारखान्यातून ‘इरोंदेल’ नावाच्या सायकली निघाल्या. सरळ भोक पाडणे, नळी एकसारखी घडवणे, एका बंदुकीचा भाग दुसरीला बेमालूम बसेल असा तयार करणे ही कामे ज्यांच्या हातात होती, त्यांना सायकल अवघड नव्हती. आमच्या मुलखात क्रम वेगळा लागला. इथे आधी सायकल आली, तिच्यामागून नांगर आला. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना काढला, तिथेही नांगर ओतले गेले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी किर्लोस्कर आणि कूपर या दोघांसाठीही काम केले. नांगर आले तशा भट्ट्या आल्या, लेथ आले, टर्नर आले, आणि ही माणसे तालुक्याच्या गावागावांत पसरली. जुनी परदेशी सायकल पुन्हा रस्त्यावर आणायला याहून चांगला मुलूख नाही असे माझे मत आहे. जो भाग जगात कुठे मिळत नाही, तो इथे एखाद्या गल्लीत दुपारपर्यंत करून मिळू शकतो.

आता ओळख पटवायची कशी, ते. इंग्रजी सायकल स्वतःहून बोलते. रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्याची आकृती कापलेली असते, बीएसएच्या सायकलीवर रायफली असतात, हंबरच्या पुढच्या चिमट्याला दोन्ही बाजूंना जोडनळ्या असतात आणि त्या दुरूनही ओळखू येतात. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असेल तर त्याच्या पोलादी अंगावर एडब्ल्यू ही अक्षरे आणि शेजारी दोन आकडे ठोकलेले असतात, एक वर्षाचा आणि एक महिन्याचा. म्हणजे हब कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात तयार झाला ते चिखल पुसला की वाचता येते. मला या शिक्क्यांचे फार अप्रूप आहे. ग्राहकाने ते वाचावेत म्हणून कुणी ते ठोकले नव्हते. कारखान्याच्या हिशेबासाठी ठोकले होते, आणि आज तेच सायकलचा जन्मदाखला ठरतात.

फ्रेंच रस्त्यावरची सायकल, म्हणजे वाकड्या हँडलची, दहा गिअरची, हलक्या अंगाची, ही आपल्याकडे क्वचित दिसते. मिरजेत माझ्या एका स्नेह्यांच्या माळ्यावर अशी एक होती. त्यांचे वडील १९७०च्या दशकात फ्रान्सला कामानिमित्त राहिले होते आणि परतताना सामानाबरोबर सायकलही घेऊन आले होते. पुढे कुणीतरी तिला ब्रशने निळा ऑइलपेंट फासला आणि वर एका देशी कंपनीचे स्टिकर चिकटवले. घरातली मुले तिला त्याच नावाने ओळखत. मडगार्ड गेले होते, सीट फाटून लोंबत होती, टायरचा भुगा झाला होता.

पहिला पुरावा ब्रेकमध्ये मिळाला. दोन्ही बाजूंच्या भुजा स्वतंत्र, आणि दोघींना वरून ओढणारी एक आडवी तार मध्यभागी उचललेली. त्यावर ‘माफाक’ हे नाव. माफाक ही क्लेर्मों-फेराँची कंपनी, मिशेलिन टायर ज्या गावचे त्याच गावची. मग गिअर बदलणारी यंत्रणा, म्हणजे डेरेलर, पाहिला; तो काळ्या प्लास्टिकचा. सिंप्लेक्स कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून डेरेलर डेल्रिन नावाच्या प्लास्टिकमध्ये काढायला सुरुवात केली; त्याआधीचे तिचे डेरेलर धातूचे. म्हणजे सायकलीचे वय एका बाजूने बांधले गेले. पायडलवर डी आणि जी ही अक्षरे होती. इंग्रजी पायडलवर आर आणि एल असतात. फ्रेंचमध्ये उजव्याला ‘द्रुआत’ आणि डाव्याला ‘गोश’ म्हणतात. शेवटी सीटखालच्या नळीवर नखाने निळा रंग उचलला, तर खाली काळ्या-पांढऱ्या चौकटींचा पट्टा. चौकटी म्हणजे प्यूजो. १९६०च्या दशकात याच चौकटींचा शर्ट घालून टॉम सिम्पसन आणि तरुण एडी मर्क्स शर्यतींत धावत होते. आरे, कॉफीच्या चक्क्या आणि पोलादी पट्ट्या करणाऱ्या प्यूजो घराण्याने १८८०च्या दशकात सायकली करायला घेतल्या. मोटारी नंतर आल्या.

पण नावाचा पट्टाही लबाडी करू शकतो; कुणी दुसऱ्या सायकलचा चिकटवला असेल तर? म्हणून खात्री करायची ती बीबीपाशी. बीबी म्हणजे पायडलचे दोन्ही क्रँक जिथे आसाला जोडलेले असतात ती खालची आडवी नळी. तिच्या दोन्ही तोंडांना आटे असतात, त्यांत दोन कप बसतात, कपात छर्रे, छर्ऱ्यांवर आस.

सांगलीतला जो मिस्त्री आम्ही गाठला, त्याने आयुष्यभर ओव्हरऑइलिंगची कामे केली होती. डावा कप त्याने सहज काढला. उजव्याला पाना लावला आणि इंग्रजी सायकलीचा उजवा कप जसा उघडतो तसा, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, जोर दिला. कप हलला नाही. दुसरा कुणी असता तर त्याने पान्याला पाइप लावून आणखी जोर केला असता. याने पाना खाली ठेवला, डावा कप हातात घेतला आणि त्याच्या आट्यांवर पिच गेजची पाती लावून पाहू लागला. चोवीस आट्यांची इंची पाती बसल्यासारखी दिसे, पण उजेडासमोर धरली की टोकाशी उजेड झिरपे. मग त्याने एक मिलिमीटरची पाती लावली. ती दातांत दात घालून गच्च बसली. “सायेब, हे मिलिमीटरचं हाय. ह्यो उजवीकडचा बी सुलटाच निघंल,” तो म्हणाला. पाना उलट बाजूने फिरवला आणि कप मोकळा झाला.

बीएसएचे माप १.३७ इंच व्यासाचे आणि इंचात २४ आट्यांचे. रॅले आपल्या नॉटिंगहॅमच्या कारखान्यात इंचाला २६ आटे पाडी. फ्रेंच माप ३५ मिलिमीटर व्यासाचे आणि दर आटा एक मिलिमीटरचा. इंचात २४ म्हणजे एक आटा १.०५८ मिलिमीटरचा. एका आट्यात फरक कळत नाही, दहा आट्यांत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त साठतो, म्हणून गेजच्या पातीच्या टोकाशी उजेड दिसतो. एवढ्या जवळच्या मापांमुळेच घोटाळे होतात. इंग्रजी कप फ्रेंच बीबीत दोन फेरे आत जातो, मग अडकतो, आणि माणूस जोर करतो. तिथे आटे मरतात.

आणि आता त्या दिशेचे कोडे. इंग्रजी बीबीचा उजवा कप उलट्या आट्यांचा का असतो? पेन्सिल एका मुठीत सैल धरा. दुसऱ्या हाताने तिचे वरचे टोक पकडून गोल गोल फिरवा, पण पेन्सिल बोटांत पिळू नका. ती मुठीत आपोआप उलट्या दिशेने फिरू लागते. सैल बसलेल्या गोल वस्तूवरचा दाब जर फिरत राहिला, तर ती वस्तू भोकाच्या भिंतीवर गडगडत दाबाच्या विरुद्ध दिशेने सरकते. सायकलीत कप आणि नळी यांच्यामध्ये केसाएवढी का होईना, फट असते. उजव्या बाजूने पाहिले तर पायडल घड्याळाच्या दिशेने फिरते, म्हणून कप उलट्या दिशेने सरकू पाहतो. आटे सुलटे असतील तर तो हळूहळू सैल होणार. उलटे असतील तर उलट आवळत जाणार. इंग्रजांनी उजवीकडे उलटे आटे पाडले. फ्रेंचांनी दोन्हीकडे सुलटेच ठेवले, आणि त्यांच्या सायकलींचे उजवे कप सैल होत राहिले. भरपूर आवळणे हाच त्यावर उपाय होता. डाव्या पायडलला उलटे आटे असतात, हे आपल्याकडच्या प्रत्येक सायकलवाल्याला माहीत आहे. त्यामागचे कारण हेच, फक्त पायडलच्या बाबतीत दाबाची दिशा क्रँकच्या हिशेबाने उलटी पडते. काही स्विस आणि काही फ्रेंच सायकलींवर, उदाहरणार्थ १९७०च्या दशकातल्या बऱ्याच मोटोबेकानवर, माप ३५ बाय १च असते पण उजवे आटे उलटे असतात. म्हणून पहिला जोर दोन्ही दिशांना हलकाच लावायचा.

फ्रेंच सायकलचे दुसरे नवल असे की ती पूर्ण मिलिमीटरची नाहीच. कप, चिमटा, नळ्या मिलिमीटरच्या. पण छर्रे इंचाचे. बीबीत पाव इंची छर्रे, पुढच्या हबात दीड सुताचे. चेनच्या दोन सांध्यांमधले अंतरही अर्धा इंच, मग सायकल फ्रान्सची असो, इटलीची असो की लुधियानाची. म्हणून मिरजेच्या सायकलीत सांगलीच्या सायकल मार्टमधले साधे छर्रे अगदी बरोबर बसले. नळ्यांचीही अशीच देवघेव. प्यूजोची सर्वांत चांगली सायकल, पीएक्स-१०, ही बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स ५३१ नळ्यांची असे, फक्त त्या नळ्या फ्रेंच मापात ओढलेल्या. उलट इंग्लंडमधले नामांकित कारागीर सांध्यांसाठी नेर्वेक्सच्या फ्रेंच नक्षीदार लग वापरत.

आमच्या या सायकलीचे क्रँक कॉटरने, म्हणजे पाचरीसारख्या खिळीने, बसवलेले पोलादी होते. कॉटर पाहून मिस्त्री खूश झाला, कारण हे त्याच्या रोजच्या ओळखीचे. पण नवी कॉटर भोकात जाईना. रॅले घराण्याची कॉटर ९.५ मिलिमीटर जाडीची, फ्रेंच ९.०. टर्नरने दोन कॉटरी लेथवर अर्धा मिलिमीटर उतरवून दिल्या आणि तिरपी बाजू कानशीने जुळवली. दोन्ही कॉटरींचा उतार सारखा नसेल तर क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि पायडल मारताना प्रत्येक फेऱ्यात झोल जाणवतो. हे काम घाईचे नाही. डोळ्यांनी पाहत, एकेक हात कानस मारत करायचे काम आहे.

पायडल बदलायचे झाले तर मात्र सांभाळावे. फ्रेंच पायडलचा आटा १४ मिलिमीटर, आजच्या पायडलचा १४.३च्या आसपास. आटे जवळजवळ सारखे असल्याने नवे पायडल अर्धे आत जाते आणि क्रँकचे तोंड फाडते. टर्नरकडून टॅप मारून भोक मोठे करून घेता येते, पोलादी क्रँकला ते खपून जाते. पण मूळ पायडलचे छर्रे बदलून तीच वापरली तर त्याची गरजच उरत नाही. हँडलचा दांडा नवा घ्यावा लागला तर २२.२चा दांडा पॉलिश पेपरने घासून २२.० करता येतो. तो तसाच ठोकून बसवू नये. आणि अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या फ्रेंच दांड्याला खाली जी उभी फट असते, तिच्या वरच्या टोकाशी केसासारखी भेग आहे का, हे भिंगातून पाहावे. भेग असेल तर तो दांडा कपाटात ठेवावा, सायकलवर नाही. चालत्या सायकलीचे हँडल हातात निघून आले तर माणूस तोंडावर पडतो.

चाकांचे गणित ऐकताना मला पहिल्यांदा विश्वास बसला नव्हता. फ्रेंचांनी टायरला ७०० ए, बी, सी अशी नावे दिली. ७०० म्हणजे हवा भरलेल्या टायरचा बाहेरचा व्यास, आणि अक्षर टायर किती जाड ते सांगणारे. टायर जाड तर रिंग लहान, बारीक तर मोठी. आज सातारा-सांगलीत ज्या हायब्रिड आणि रेसिंग सायकली मिळतात, त्यांचे चाक ७०० सी, म्हणजे टायर जिथे रिंगेवर बसतो तिथे ६२२ मिलिमीटर. आपल्या काळ्या सायकलीचे अठ्ठावीस बाय दीड हे माप ६३५चे. फ्रेंच तक्त्यात पाहिले तर ते ७०० बी! म्हणजे दूध घालायला निघालेल्या काळ्या सायकलचे चाक आणि फ्रान्सच्या शर्यतीतले चाक एकाच तक्त्यातले शेजारी आहेत, मधे अंतर १३ मिलिमीटरचे. या १३ मिलिमीटरमुळे एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही, ही गोष्ट वेगळी. मिरजेच्या सायकलीला ७०० सी रिंगा होत्या, त्यामुळे टायर सहज मिळाले. अमेरिकेसाठी बनलेल्या फ्रेंच सायकलींना मात्र २७ इंची, म्हणजे ६३० मिलिमीटरची चाके असतात, आणि तो टायर इथे शोधत बसावे लागते. ट्यूबचे तोंडही निराळे. आपला व्हॉल्व रबरी नळीचा, त्यांचा बारीक, टोकाला चिमुकला स्क्रू असलेला. कोपऱ्यावरच्या पंपाला तो जोडायचा तर पितळी अ‍ॅडाप्टर खिशात ठेवावा.

गिअरबद्दल थोडे सांगतो, कारण सातारा म्हटले की घाट आला. काळ्या सायकलीचे ४४ दातांचे चेनव्हील आणि १८ दातांचा फ्रीव्हील धरला, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. सांगली-मिरजेच्या सपाटीवर हे उत्तम. यवतेश्वरचा घाट चढताना हेच साडेपाच मीटर छातीवर येतात आणि माणूस उतरून सायकल ढकलू लागतो. दहा गिअरच्या फ्रेंच सायकलीवर पुढे ४० दात आणि मागे २८ घेतले तर एका फेऱ्यात फक्त तीन मीटर, आणि कासहून उतरताना पुढे ५२, मागे १४ केले तर जवळजवळ आठ मीटर. एकाच सायकलीत डोंगर आणि मैदान दोन्ही. सेंत-एतिएनच्या आसपास डोंगर आहेत आणि तिथल्याच पॉल द विवी यांनी गिअर बदलणाऱ्या सायकलीचा आयुष्यभर हट्टाने पुरस्कार केला. तरीही तूर द फ्रान्सचे जनक आंरी देग्रांज यांनी आपल्या शर्यतीत डेरेलरला बंदी घातली होती. ती १९३७ साली उठली आणि त्या वर्षी रोजे लापेबी डेरेलर वापरून जिंकले. तोवर आल्प्सचे घाट चढणारे खेळाडू घाटाच्या पायथ्याशी उतरत आणि मागचे चाक काढून उलटे बसवत, कारण हबच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या दातांची चक्रे असत.

सिंप्लेक्सचे प्लास्टिक पन्नास वर्षांनी ठिसूळ होते. लिव्हरच्या पट्ट्याला तडे जातात, आणि एके दिवशी घाटाच्या मध्यावर तो तुटतो. रोज चालवायची असेल तर धातूचा डेरेलर लावावा आणि मूळचा प्लास्टिकचा पुसून जपून ठेवावा. मूळ भाग फेकू नयेत, या बाबतीत माझा आग्रह आहे. आज निरुपयोगी वाटलेला भाग पुढच्या माणसाला सायकलचे वय सांगणार असतो.

सायकल सांगलीत राहिलेली असेल, तर आणखी एक तपासणी करावी. २००५ आणि २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या कितीतरी घरांतल्या सायकली पाण्याखाली गेल्या. वरून धुतल्या, पण नळ्यांच्या आत गाळ राहिला. बीबी उघडल्यावर वाळलेली माती पडली, तर सीटच्या नळीतून आणि चिमट्याच्या तोंडातून पाणी सोडून सांगाडा आतून धुवावा, उन्हात उलटा वाळवावा आणि आत तेल फिरवावे. नळीला ठिकठिकाणी पान्याने हलके वाजवून पाहावे. चांगली नळी खणखणते. आतून गंजलेली बद्द वाजते. गंजाने खाल्लेल्या नळीवर कितीही सुंदर रंग दिला तरी ती चालवण्यालायक होत नाही.

सांगाडा सरळ आहे का, हे पाहायला यंत्र लागत नाही. एक लांब दोरा घ्यावा. मागच्या चाकाचा आस जिथे बसतो तिथल्या डाव्या खाचेला एक टोक बांधावे, दोरा पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून मागे उजव्या खाचेला ताणून बांधावा. आता सीटखालच्या उभ्या नळीपासून दोऱ्याचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. सारखे आले तर सांगाडा सरळ. एक-दोन मिलिमीटरचा फरक मला चालतो. पाचाचा आला तर सायकल कधीतरी जोरात आपटली आहे.

रंगाबद्दल लोकांचे माझ्याशी भांडण होते. जुनी सायकल दिसली की ती घासून, पावडर कोटिंग करून, नवी कोरी करून घ्यावी असे अनेकांना वाटते. मला वाटते, मूळ रंग पन्नास टक्के जरी शिल्लक असला तरी तो ठेवावा. मूळ रंग एकदाच असतो, आणि चौकटींचा तो पट्टा पुन्हा छापून लावला तरी तो तोच राहत नाही. मिरजेच्या सायकलीवरचा निळा ऑइलपेंट आम्ही आधी बीबीच्या खाली, जिथे कुणाचे लक्ष जात नाही, तिथे थिनरच्या बोळ्याने पुसून पाहिला. खालचा पांढरा रंग भट्टीत भाजलेला होता, त्याला काही झाले नाही. मग कापसाने, बोटभर जागा एका वेळी, सारा निळा रंग उतरवला. क्रोमवरचा गंज घरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या बोळ्याने, पाण्यात बुडवून, निघाला. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने चरे पडत नाहीत. नट-बोल्ट ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पाण्यात रात्रभर ठेवले. हे विषारी असते, हातमोजे घालावेत, आणि ते भांडे पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. सीटचा अ‍ॅल्युमिनियमचा दांडा पोलादी नळीत गच्च झाला होता. दोन वेगळे धातू आणि घामाचे खारे पाणी एकत्र आले की असे होते. तिथे जोर केला तर नळीचे तोंड फाटते. रोज थोडे तेल, रोज हलका ठोका, आणि वाट पाहणे.

सायकलींचे सगळे प्रकार एकत्र पाहायचे असतील, तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे संग्रहालय आहे. एका सुतात आणि एका मिलिमीटरमध्ये किती निरनिराळी डोकी चालली होती, ते तिथे समोर दिसते. साताऱ्यात १९७०च्या दशकात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यातून ‘प्रिया’ स्कूटर बाहेर पडू लागली आणि इथल्या अनेक घरांतली सायकल मागच्या अंगणात गेली. त्या अंगणांत आणि माळ्यांवर अजून काय काय पडून आहे, याचा अंदाज बांधणे कठीण आहे. तुमच्याकडे एखादी असेल, तर रंग द्यायला नेण्याआधी तिचा हँडलचा दांडा काढून मोजा. २२.० आले तर पुढची मापेही घ्या आणि सायकलवाल्याला सांगून ठेवा की हिचा उजवा कप सुलट्या आट्यांचा असण्याची शक्यता आहे. बसवताना तो पूर्ण ताकदीने आवळावा लागतो, आणि पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून पाहावा लागतो.